पायाळू बाळ पोटावरून फिरवणे कितपत सुरक्षित आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवा महिना सरत आला की तपासणीत किंवा सोनोग्राफीत ‘बाळ पायाळू आहे’ असे कळते, डॉक्टर ‘आपण ते बाहेरून फिरवून पाहू’ असे सुचवतात आणि त्या क्षणापासून घरात एकच चिंता सुरू होते, की पोटावर दाब देऊन बाळ फिरवताना त्याला काही झाले तर? चिंता रास्त आहे आणि तिला आकड्यांसह सरळ उत्तर मिळायला हवे. पुढील उत्तरे त्यासाठीच लिहिली आहेत. प्रत्यक्ष निर्णय मात्र तुमची तपासणी केलेल्या प्रसूतितज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

बाळ पायाळू असणे म्हणजे नेमके काय?

दिवस भरत आले की बहुतेक बाळे डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत येतात. पायाळू बाळाचे डोके आईच्या बरगड्यांखाली असते आणि कुल्ले किंवा पाय खाली असतात. काही बाळे गुडघे सरळ ठेवून पाय तोंडाजवळ नेतात, काही मांडी घातल्यासारखी बसतात, तर काहींचे एक किंवा दोन्ही पाऊल सर्वांत खाली असते.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास साधारण चार-पाच बाळांमागे एक बाळ पायाळू असते, त्यामुळे त्या काळातल्या सोनोग्राफीत तसे आढळले तर काळजीचे कारण नाही. जागा पुरेशी असते आणि बाळ आपोआप फिरते. दिवस पूर्ण भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चार इतके खाली येते. गर्भजल फार कमी किंवा फार जास्त असणे, वार गर्भाशयाच्या तोंडाशी असणे, गर्भाशयाचा आकार वेगळा असणे किंवा त्यात गाठ असणे, ही काही कारणे आहेत. पण बऱ्याच वेळा कोणतेही कारण सापडत नाही. आईने काही चुकीचे उचलले, चुकीच्या कुशीवर झोपली म्हणून बाळ पायाळू राहिले, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नये.

बाळ पायाळूच राहिले तर काय बिघडते?

बाळाच्या शरीराचा सर्वांत मोठा आणि कठीण भाग म्हणजे डोके. ते आधी बाहेर येते तेव्हा उरलेले शरीर सहसा अडत नाही. पायाळू बाळंतपणात डोके सर्वांत शेवटी येते, आणि ते बाहेर येईपर्यंत नाळ दाबली जाऊ शकते, हात वर अडकू शकतात. पाऊल खाली असेल तर पाणी जाताच नाळ बाहेर घसरण्याचा धोकाही वाढतो.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या २६ देशांतील एका मोठ्या चाचणीत दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. तिच्यात, ठरवून सिझेरियन केलेल्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर त्रास १.६ टक्के, तर योनीमार्गे प्रसूतीचे नियोजन केलेल्या गटात ५ टक्के आढळला. त्यानंतर जगभर पायाळू बाळासाठी सिझेरियन हाच जणू नियम झाला. मात्र त्याच चाचणीतील काही मुलांची दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा मृत्यू आणि वाढीतील अडचणी यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

बाळ फिरवताना प्रत्यक्षात काय करतात?

वैद्यकीय भाषेत या क्रियेला ‘एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन’ किंवा थोडक्यात ‘ईसीव्ही’ म्हणतात. आधी सोनोग्राफी करून बाळाची स्थिती, वारेची जागा आणि गर्भजल पाहतात. मग पोटावर पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख, म्हणजे सीटीजी, काढतात. आलेख समाधानकारक असेल तरच पुढे जातात. बहुतेक ठिकाणी गर्भाशय सैल पडावे म्हणून टर्ब्युटालीनसारख्या औषधाचे लहानसे इंजेक्शन कातडीखाली देतात.

लघवी करून आल्यावर आई पाठीवर, किंचित एका अंगाला कललेली अशी निजते. पोटाला जेल लावतात. डॉक्टर एका हाताची बोटे जघनाच्या हाडाच्या वर खोलवर सरकवून बाळाचे कुल्ले कटीच्या पोकळीतून अलगद वर उचलतात, आणि हाच भाग आईला सर्वांत जास्त जाणवतो. कुल्ले एका बाजूला सरकले की दुसऱ्या हाताने डोके विरुद्ध दिशेने, हनुवटी छातीला टेकलेली राहील अशा बेताने, खाली नेतात. बाळ कोलांटी घेते तसेच हे वळण असते. मध्येच पोट आडवे, रुंद दिसू लागते. अर्धे अंतर पार झाले की पुष्कळदा बाळ उरलेले स्वतःच घेते आणि बरगडीखाली रुतणारा तो कठीण गोळा एकदम नाहीसा होतो. सबंध प्रयत्न सहसा काही मिनिटांचा असतो. पुढच्या दिशेने जमले नाही तर मागच्या दिशेने करून पाहतात. अधूनमधून हात थांबवून सोनोग्राफीवर ठोके तपासले जातात आणि शेवटी पुन्हा अर्धा तास किंवा जरुरीप्रमाणे अधिक वेळ आलेख काढतात.

मग हे सुरक्षित आहे का?

योग्य स्त्री निवडली, दिवस भरत आल्यावर केले आणि तातडीचे सिझेरियन शक्य असलेल्या ठिकाणी केले, तर होय, ही क्रिया सुरक्षित मानली जाते. या तीन अटी मात्र उत्तरातून वेगळ्या काढता येत नाहीत. हातांच्या कौशल्याचे महत्त्व आहेच, तरी माझ्या मते सुरक्षितता मुख्यतः हातांच्या भोवती काय उभे आहे यावर ठरते: ठोक्यांचे यंत्र, सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ आणि जवळच तयार असलेले शस्त्रक्रियागृह.

आता आकडे. २००८ साली ८४ अभ्यासांतील सुमारे १३,००० स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली गेली. कोणत्याही प्रकारची गुंतागुंत साधारण ६ टक्के प्रयत्नांत आढळली, आणि तिच्यातला मोठा वाटा बाळाचे ठोके काही वेळ बदलून पूर्ववत होण्याचा होता. वार सुटणे किंवा बाळ दगावणे यांसारखी गंभीर गुंतागुंत ०.२४ टक्के, म्हणजे साधारण चारशे प्रयत्नांमागे एक, इतकी होती. हा आकडा लहान असला तरी शून्य नाही, आणि ज्या डॉक्टरांनी तो तुम्हाला सांगितला नाही त्यांना तो आवर्जून विचारावा. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, फिरवल्यानंतर २४ तासांत तातडीचे सिझेरियन लागण्याचे प्रमाण साधारण २०० मागे १ आहे. त्यातील कारणे प्रामुख्याने दोनच: ठोक्यांचा आलेख न सुधारणे आणि अंगावरून रक्त जाणे.

हा धोका कशाशी ताडून पाहायचा, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. बाळ न फिरवता थांबणे म्हणजे धोका टाळणे असे वाटते खरे. पण थांबल्यावर समोर उरतात ते पायाळू बाळंतपण किंवा सिझेरियन हे दोन मार्ग, आणि त्या दोन्हींना स्वतःचे धोके आहेत. सिझेरियनची जोखीम त्या एका दिवशी संपत नाही. पुढच्या गरोदरपणात गर्भाशयाचा व्रण उसवण्याची, वार खाली बसण्याची किंवा व्रणात खोल रुजण्याची शक्यता त्याने वाढते. म्हणून जिला पुढे आणखी मूल हवे आहे तिच्यासाठी पहिले सिझेरियन टळणे ही मोठी कमाई आहे. आठ चाचण्यांतील १,३०८ स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात, दिवस भरत आल्यावर बाळ फिरवण्याचा प्रयत्न केलेल्या गटात सिझेरियनचे प्रमाण साधारण दोन-पंचमांशाने कमी आढळले.

फिरवताना बाळाचे ठोके मंदावले तर?

बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात. दाब पडल्यावर ते थोडा वेळ बरेच खाली येऊ शकतात, आणि यंत्राचा टक-टक आवाज संथ झालेला आईलाही ऐकू येतो. हा क्षण घाबरवणारा असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी डॉक्टर लगेच हात काढतात, आईला डाव्या कुशीवर वळवतात आणि वाट पाहतात. बहुतेक वेळा ठोके थोड्याच वेळात पूर्ववत होतात. न झाले तर शस्त्रक्रियागृह गाठले जाते, आणि म्हणूनच ते जवळ नसेल तेथे हा प्रयत्न मुळीच करू नये.

नाळ गळ्याभोवती आवळली जाणार नाही का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा हाच प्रश्न असावा. जन्मताना नाळेचा वेढा गळ्याभोवती असणे ही फार सामान्य गोष्ट आहे. साधारण चार-पाच बाळांमागे एकात तो असतो आणि बहुतेक बाळे ठणठणीत जन्मतात. फिरवताना नाळ ताणली किंवा दाबली गेली तर ती गोष्ट ठोक्यांत उमटते, आणि ठोक्यांवर एवढे बारीक लक्ष ठेवले जाते ते त्यासाठीच. सोनोग्राफीत आधीच वेढा दिसला असेल तर काही डॉक्टर प्रयत्न टाळतात, काही सावधपणे करतात. तुमच्या डॉक्टरांचा पवित्रा काय आणि का, हे विचारून घ्यावे.

माझ्या आजीच्या वेळी डॉक्टरांनी हे करणे सोडून दिले होते, असे ऐकले आहे. का?

ऐकलेले खरे आहे. ही कला फार जुनी आहे, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बहुधा दिवस भरण्याच्या बरीच आधी, सोनोग्राफी आणि सीटीजी नसताना, आणि काही ठिकाणी आईला पूर्ण भूल देऊन केली जात असे. भुलेखाली असलेली स्त्री दुखले तरी ‘थांबा’ म्हणू शकत नाही, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त जोर लागत असे, आणि बाळ दगावल्याच्या नोंदी पुढे आल्यावर अनेकांनी हा मार्ग सोडला. १९८० च्या सुमारास तो नव्या रीतीने परतला: दिवस भरत आल्यावर, आई जागी असताना, गर्भाशय सैल करून आणि ठोके पाहत पाहत. जुन्या पद्धतीचे धोके आजच्या पद्धतीला जसेच्या तसे लावणे म्हणून योग्य नाही.

कोणत्या आठवड्यात करतात? लवकर केले तर सोपे जाणार नाही का?

पहिलटकरणीला ३६ व्या आठवड्यापासून आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला ३७ व्या आठवड्यापासून हा पर्याय देण्याची पद्धत आहे. काही ठिकाणी सर्वांनाच ३७ आठवडे पूर्ण होऊ देतात. लवकर फिरवणे सोपे वाटते, पण तोपर्यंत पुष्कळ बाळे आपोआप फिरणार असतात, लवकर फिरवलेले बाळ परत उलटे होऊ शकते, आणि काही बिनसून सिझेरियन करावे लागले तर जन्मणारे बाळ अपुऱ्या दिवसांचे असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३४-३५ व्या आठवड्यात फिरवल्याने पायाळू राहणारी बाळे थोडी कमी झाली, पण सिझेरियनमध्ये लक्षणीय घट झाली नाही, आणि मुदतपूर्व प्रसूतीची शंका शिल्लक राहिली.

३७ आठवडे उलटले म्हणून दार बंद होत नाही. गर्भजल पुरेसे असेल आणि पिशवी फुटलेली नसेल तर त्यानंतरही प्रयत्न करता येतो.

कोणाच्या बाबतीत हे करू नये?

वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने सिझेरियन करावेच लागणार असेल तर फिरवण्याला अर्थ उरत नाही. गेल्या सात दिवसांत अंगावरून रक्त गेले असेल, सीटीजी ठीक नसेल, पाणी गेले असेल, गर्भाशयाच्या रचनेत मोठा दोष असेल किंवा पोटात जुळे असेल, तर हा प्रयत्न करत नाहीत. जुळ्यांतील पहिले बाळ जन्मल्यानंतर दुसऱ्याला फिरवणे हा निराळा विषय आहे. गर्भजल फार कमी असणे, बाळाची वाढ खुंटलेली असणे, रक्तदाबाचा गंभीर त्रास असणे यांत डॉक्टर प्रत्येकीचा स्वतंत्र विचार करतात.

आधी एक सिझेरियन झाले आहे. मला चालेल का?

आधीचे एक सिझेरियन म्हणजे सरसकट मनाई नव्हे. अशा स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत धोका वाढल्याचे स्पष्ट दिसलेले नाही, मात्र त्या अभ्यासांतील संख्या लहान आहेत. मागचा छेद कसा घेतला होता, तो कितपत भरला आहे आणि या वेळी योनीमार्गे प्रसूतीची तुमची इच्छा आहे का, हे सगळे धरून अनुभवी डॉक्टरांनीच ठरवावे. या प्रश्नात मी घाईपेक्षा सावधपणाच्या बाजूने आहे.

दुखते का?

अनुभव वेगवेगळे असतात. काहींना नुसता जोराचा दाब जाणवतो, काहींना बरेच दुखते, थोड्या स्त्रियांना ते सहन होत नाही. तुम्ही ‘थांबा’ म्हटल्याबरोबर हात थांबले पाहिजेत; हा तुमचा हक्क आहे, शिवाय सुरक्षिततेचा भागही आहे, कारण असह्य वेदना ही जोर वाजवीपेक्षा जास्त होत असल्याची खूण असू शकते. श्वास संथ ठेवला आणि पोटाचे स्नायू सैल सोडले तर कमी जोर लागतो. काही रुग्णालयांत कमरेतून भूल देऊन प्रयत्न करतात. तिने यश वाढते असे दिसते, पण ती सरसकट द्यावी का याबाबत एकमत नाही.

गर्भाशय सैल करणाऱ्या इंजेक्शनचा बाळाला अपाय होतो का?

या कामापुरत्या एका लहान मात्रेने बाळाला अपाय झाल्याचे दिसत नाही. आईची छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा गरम वाटतो आणि थोड्या वेळाने ते शमते. हृदयाचा आजार किंवा थायरॉइडचा अनियंत्रित त्रास असेल तर आधीच सांगावे.

माझा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे.

फिरवताना बाळाच्या रक्ताचा अंश आईच्या रक्तात मिसळू शकतो. म्हणून निगेटिव्ह रक्तगटाच्या स्त्रीला ७२ तासांच्या आत अँटी-डी, म्हणजे बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे, इंजेक्शन देतात. बाळाचा रक्तगटही निगेटिव्ह असल्याचे आधीच ठाऊक असेल तरच ते लागत नाही. फिरवण्याचा प्रयत्न फसला तरीही हे इंजेक्शन हवेच, आणि नेमके तेव्हाच ते राहून जाण्याची भीती असते. स्वतः आठवण करून द्यावी.

यश किती वेळा येते, आणि बाळ पुन्हा उलटे होते का?

साधारण निम्म्या वेळा. पहिलटकरणींमध्ये शंभरात चाळीसच्या आसपास आणि आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये साठच्या आसपास बाळे फिरतात. बाळाचे कुल्ले कटीत पक्के बसलेले नसतील, डोके हाताला नीट लागत असेल, गर्भाशय मऊ असेल आणि गर्भजल पुरेसे असेल तर शक्यता वाढते. वार पुढच्या बाजूला असेल तर काम थोडे कठीण होते.

फिरलेले बाळ पुन्हा पायाळू होण्याचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. फिरल्यानंतर बहुतेकींची प्रसूती योनीमार्गे होते, तरी मुळातच डोके खाली असलेल्या बाळांच्या तुलनेत सिझेरियनची शक्यता थोडी जास्त राहते.

घरीच पोट चोळून, आसने करून किंवा शेक देऊन बाळ फिरवता येईल का?

पोट चोळून किंवा दाबून बाळ फिरवण्याचा प्रयत्न घरी कोणाच्याही हातून, मग तो हात कितीही अनुभवी आणि मायेचा असो, करून घेऊ नये. घरी वार कुठे आहे ते दिसत नाही, ठोके ऐकू येत नाहीत, आणि वार सुटली तर हातात असतात ती मोजकी मिनिटे. वर दिलेले सगळे आश्वासक आकडे रुग्णालयातले आहेत. घरच्या प्रयत्नाला ते लागू होत नाहीत.

गुडघे आणि छाती टेकून राहण्यासारख्या आसनांनी बाळ फिरते याला पुरावा नाही. झेपेल तितके केले तर सहसा अपायही नाही. पायाच्या करंगळीजवळ औषधी वनस्पतीची धग देण्याच्या, मोक्सा नावाच्या चिनी उपचाराबाबत काही अभ्यास अनुकूल आहेत, पण ते ३३ ते ३५ व्या आठवड्यांच्या दरम्यान सुरू केलेल्या आणि जाणकाराने शिकवलेल्या उपचाराचे आहेत. डॉक्टरांना न सांगता त्याच्या भरवशावर राहू नये.

प्रयत्न फसला, किंवा मला तो करायचाच नसेल तर?

नकार देणे हा पूर्णपणे तुमचा अधिकार आहे आणि त्याबद्दल कोणी तुम्हाला अपराधी वाटायला लावू नये. प्रयत्न फसल्यावरही थोडी बाळे आपणहून फिरतात, म्हणून प्रसूतीच्या किंवा ठरलेल्या सिझेरियनच्या आधी सोनोग्राफी पुन्हा करावी. काही दिवसांनी दुसऱ्यांदाही प्रयत्न करता येतो.

उरलेल्या मार्गांची जोखीम ब्रिटनच्या वर उल्लेखलेल्या मार्गदर्शनात अशी दिली आहे: जन्माच्या आसपास बाळ दगावण्याचे प्रमाण, ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये हजारी सुमारे ०.५, डोके खाली असलेल्या नियोजित बाळंतपणात सुमारे १, आणि नियोजित पायाळू बाळंतपणात सुमारे २. पायाळू बाळंतपण निवडायचे तर त्यात हातखंडा असलेले डॉक्टर कळांच्या वेळी हजर असणे ही पहिली अट आहे, आणि असे हात आता दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.

फिरवून घरी गेल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे?

एक-दोन दिवस पोट हुळहुळे राहू शकते. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, पोट दगडासारखे कडक होऊन न सुटणे, कळा सुरू होणे किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बाळाच्या लाथा आता बरगड्यांच्या बाजूला जाणवू लागतील. आधीसारख्या पुन्हा खाली ओटीपोटात बसू लागल्या तर तेही डॉक्टरांना कळवावे.

बाळ फिरले, नीट जन्मले. आता आणखी काही तपासायचे आहे का?

हो, खुब्याचे सांधे. गरोदरपणाच्या शेवटच्या काळात पायाळू असलेल्या बाळांमध्ये खुब्याचा सांधा सैल किंवा निखळलेला असण्याची शक्यता जास्त असते आणि बाळ नंतर फिरले तरी ही तपासणी चुकवू नये. ३६ व्या आठवड्याला किंवा त्यानंतर बाळ पायाळू होते हे बालरोगतज्ज्ञांना सांगावे. जन्मतः तपासणी करून सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करण्याची पद्धत आहे. सांध्यातील दोष या वयात सापडला तर पुष्कळदा नुसत्या पट्ट्यांनी सुधारतो, चालू लागल्यावर सापडला तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.